प्रतीती आणि संशय : समीक्षकाच्या आत्मविश्वासाचा प्रश्न

साहित्यकृतीचा पहिला प्रत्यय युक्तिवादाच्या आधी येतो. एखादी कविता खरोखर चांगली आहे की केवळ चांगली भासते आहे, हे वाचकाला प्रथम जाणवते. कारणे मागाहून शोधावी लागतात. या जाणवण्याला संस्कृत काव्यशास्त्राने प्रतिष्ठा दिली आहे. राजशेखराने 'काव्यमीमांसे'त कवीच्या कारयित्री प्रतिभेबरोबरच रसिकाची भावयित्री प्रतिभा मानली. अभिनवगुप्ताने सहृदयाचे लक्षण सांगताना काव्याच्या अनुशीलनाने मनाचा आरसा निर्मळ होण्याची अट घातली. ही अट महत्त्वाची आहे. प्रतीती केवळ उपजत नसते, ती कमावलेली असते. म्हणूनच ती चुकू शकते आणि सुधारूही शकते. स्वतःच्या प्रतीतीवर विसंबणे म्हणजे पहिल्या आवडीला प्रमाण मानणे नव्हे.

प्रतीतीबरोबर संशय येतोच. परंतु संशयाचे दोन प्रकार वेगळे केले पाहिजेत. 'हा निर्णय बरोबर आहे काय?' हा एक संशय, आणि 'निर्णय देण्याचा अधिकार आपल्याला आहे काय?' हा दुसरा. पहिला वाचकाला पुन्हा संहितेकडे नेतो. दुसरा त्याला संहितेपासून दूर, अधिकारी मानल्या गेलेल्या व्यक्तींकडे नेतो. पहिल्याने प्रतीती तावून सुलाखून निघते, दुसऱ्याने ती मुकी होते. व्यवहारात मात्र दोन्हींना नम्रता हे एकच नाव दिले जाते.

मराठवाड्याच्या संदर्भात दुसऱ्या संशयाला इतिहास आहे. हैदराबाद संस्थान 17 सप्टेंबर 1948 रोजी भारतात विलीन झाले. तोवर येथील उच्च शिक्षणाचे माध्यम प्रामुख्याने उर्दू होते. 1918 साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे तेच धोरण होते. मराठीचे ग्रंथव्यवहार, नियतकालिके आणि प्रमाणभाषेचे निकष पुण्या-मुंबईत सिद्ध होत होते. अशा स्थितीत नांदेडच्या वाचकाला आपली अभिरुची अपुरी वाटणे स्वाभाविक होते. हा न्यूनभाव व्यक्तिगत दौर्बल्यातून आलेला नव्हता; तो परिस्थितीने दिलेला होता.

नरहर कुरुंदकरांचे (1932-1982) उदाहरण येथे निर्णायक ठरते. इंटरच्या परीक्षेत वारंवार अपयश पदरी पडलेला हा माणूस नांदेडला प्रथम शाळेत आणि पुढे पीपल्स कॉलेजात अध्यापक झाला, त्याच महाविद्यालयाचा प्राचार्य झाला. मर्ढेकरांच्या सौंदर्यविचाराची चिकित्सा करताना किंवा 'धार आणि काठ'मध्ये मराठी कादंबरीचा आढावा घेताना त्यांनी अधिकाराचे प्रमाणपत्र कोणाकडे मागितले नाही. तथापि त्यांचा आत्मविश्वास बेदरकार नव्हता. रणजित देसाई यांच्या 'श्रीमान योगी'ला लाभलेली त्यांची पत्ररूप प्रस्तावना या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. शिवाजी महाराजांचे मोठेपण मराठी मनाला जाणवतेच. ते सिद्ध करण्याची गरजही कोणाला भासत नाही. कुरुंदकर त्या जाणिवेवर थांबत नाहीत. हे मोठेपण नेमके कशात आहे, इतर राज्यसंस्थापकांपेक्षा ते कोठे वेगळे पडते, असे प्रश्न ते स्वतःला विचारतात. प्रतीती न सोडता तिला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे करणे ही त्यांची रीत होय. पहिला संशय त्यांनी जोपासला, दुसरा नाकारला.

येथे एक आक्षेप संभवतो. प्रतीती अनुशीलनातून घडते हे मान्य केले, तर ते अनुशीलन कोणत्या साहित्याचे, हा प्रश्न उरतो. मूठभरांच्या अनुभवावर पोसलेली अभिरुची त्या मूठभरांचेच सौंदर्य ओळखणार. दलित साहित्याने मराठी सहृदयाला हाच प्रश्न विचारला आणि त्याच्या निर्मळ आरशाची चौकट किती लहान आहे हे दाखवून दिले. हा आक्षेप खराच आहे. मात्र त्याचे उत्तर प्रतीतीचा त्याग करण्यात नाही. तिचे क्षेत्र विस्तारण्यात आहे. लातूरच्या राजर्षी शाहू महाविद्यालयाचे संस्थापक प्राचार्य आणि पुढे 1994 साली नांदेडला स्थापन झालेल्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचे पहिले कुलगुरू जनार्दन वाघमारे यांनी अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या साहित्याचा मराठीत करून दिलेला परिचय या विस्ताराचा पुरावा आहे. वंश आणि जात यांतील वेदनेचे नाते आधी जाणवावे लागते. मग दोहोंतील भेद तपासावे लागतात. केवळ जाणवण्यावर थांबले तर भाबडे साम्य हाती लागते, आणि जाणवलेच नाही तर तपासण्यासारखे काहीच उरत नाही.

आज हा प्रश्न वर्गात उभा आहे. लातूर पुढे 'लातूर पॅटर्न'साठी प्रसिद्ध झाले. सराव, उजळणी आणि अचूक उत्तर यांवर उभ्या असलेल्या या पद्धतीने सामान्य घरांतील अनेक मुलांना वैद्यकीय आणि अभियांत्रिकी शिक्षणाची दारे उघडून दिली, हे नाकारण्याचे कारण नाही. पण भौतिकशास्त्राच्या उदाहरणाला एकच उत्तर असते, तसे कवितेला नसते. एम.ए.चा विद्यार्थी कविता वाचण्याआधी मार्गदर्शिकेतील तिचे रसग्रहण पाठ करतो, तेव्हा तो आळस करीत असतो असे नव्हे. आपल्याला जे वाटले ते चुकीचेच असणार, अशी त्याची खात्री झालेली असते. निजामी राजवटीतील न्यूनभावाला येथे नवे कारण मिळाले आहे.

म्हणून साहित्याच्या अध्यापनाचे पहिले काम विद्यार्थ्याला 'तुला काय वाटले?' हे विचारणे आणि दुसरे काम 'कशामुळे वाटले, ते ओळीवर बोट ठेवून दाखव' असे म्हणणे हे होय. पहिल्याशिवाय दुसरे केले तर पोपटपंची उरते. दुसऱ्याशिवाय पहिले केले तर केवळ मतप्रदर्शन. नांदेडला बसून मर्ढेकरांशी वाद घालता येतो, हे कुरुंदकरांनी सिद्ध केले. तो अधिकार त्यांना कोणी दिलेला नव्हता. वाचनाने कमावलेल्या आणि स्वतःच उलटतपासणी घेतलेल्या प्रतीतीतून तो आला होता. त्या वाटेने जाण्यास आजच्या विद्यार्थ्याला कोणाची परवानगी लागत नाही.