यदृच्छेचे उत्तर आणि धोरणाचे नाव

दारिद्र्यनिवारणाच्या योजनांची परीक्षा यादृच्छिक मूल्यमापनाने करावी आणि त्या परीक्षेस उतरलेल्या योजनांचाच शासनाने विस्तार करावा, हा विचार गेल्या तीन दशकांत अर्थशास्त्रात दृढमूल झाला आहे. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि मायकेल क्रेमर यांना २०१९ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले, तेव्हा त्यावर विद्वन्मान्यतेची मोहोर उमटली. या पद्धतीचे जे प्रयोग वारंवार उद्धृत होतात, त्यांतील बरेचसे गरिबांच्या मुलांच्या शिक्षणाविषयी, विशेषतः वाचनाविषयी आहेत. वाचन हा भाषाव्यवहार असल्यामुळे भाषेच्या अभ्यासकाने त्यांचा परामर्श घेणे अनधिकार ठरू नये.

प्रथम संज्ञेचा विचार करू. ‘यादृच्छिक’ हा शब्द मराठीत दोन शास्त्रांत दोन अर्थांनी रूढ आहे. ध्वनी आणि अर्थ यांत निसर्गसिद्ध संबंध नाही, म्हणून भाषिक चिन्ह यादृच्छिक, असे सोस्यूरच्या मताचे विवरण करताना आपण म्हणतो. संख्याशास्त्रात, जी निवड कोणाच्याही हेतूने न होता चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे होते, ती यादृच्छिक. दोन्ही अर्थांच्या मुळाशी संबंधाचा अभाव आहे. कोणत्या शाळेला उपाय लाभला याचा त्या शाळेच्या गुणदोषांशी संबंध नसतो; म्हणूनच दोन गटांत पुढे जो फरक पडतो तो, निव्वळ योगायोगाचा अंश वगळता, उपायामुळेच पडला असे म्हणता येते. आर. ए. फिशर यांनी शेतीच्या प्रयोगांसाठी शास्त्रशुद्ध केलेली ही युक्ती निःसंशय मौलिक आहे. तथापि चिन्ह यादृच्छिक असले तरी त्याचे मूल्य व्यवस्थेतील स्थानावरून ठरते, हेही सोस्यूरनेच सांगितले आहे. प्रयोगाच्या उत्तराचीही गत तशीच आहे. उत्तर चोख असते. परंतु ते कशाचे उत्तर आहे हे सांगणारे वर्णन चिठ्ठ्यांतून निघत नाही. धोरणाच्या हाती मात्र पडते ते बहुधा केवळ उपायाचे नाव.

पद्धतीची बलस्थाने पाहावयाची तर मुंबई व बडोदे येथील ‘बालसखी’ प्रयोगाकडे वळावे. ‘प्रथम’ या संस्थेची ही योजना. मागे पडलेल्या मुलांना वस्तीतलीच एक तरुणी वर्गाबाहेर काढून रोज सुमारे दोन तास अक्षरओळख आणि प्राथमिक गणित शिकवीत असे. बडोद्यात २००१-०२ साली निम्म्या शाळांत तिसरीला व उरलेल्या शाळांत चौथीला बालसखी मिळाली, आणि पुढील वर्षी हा क्रम उलटा झाला. म्हणजे कोणतीही शाळा सर्वस्वी वंचित न राहता तुलनेची सोय झाली. बॅनर्जी, कोल, डुफ्लो आणि लिंडेन यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधानुसार मुलांचे गुण पहिल्या वर्षी ०.१४ व दुसऱ्या वर्षी ०.२८ प्रमाण विचलनाने वाढले. याहून महत्त्वाचे असे की, बालसखीकडे न गेलेल्या मुलांचा वर्ग लहान झाला, तरी त्यांच्या गुणांत लक्षणीय वाढ दिसली नाही. वर्गातील संख्या घटविली की शिक्षण सुधारते, या सार्वत्रिक समजुतीला येथे आधार मिळाला नाही. अशी समजूत केवळ तर्काने हलत नाही. तिच्यासमोर तुलनेचा पुरावाच ठेवावा लागतो.

आता केनियातील उदाहरण घेऊ. बुसिया व टेसो या जिल्ह्यांतील १०० ग्रामीण शाळांपैकी चिठ्ठीने निवडलेल्या २५ शाळांना १९९६ साली पाठ्यपुस्तके देण्यात आली. ग्लेव्हे, क्रेमर आणि मूलँ यांचा निबंध २००९ साली प्रसिद्ध झाला. सरासरी गुणांत वाढ झाली नव्हती. आधीच हुशार असलेल्या मुलांचे गुण तेवढे वाढले होते. याचे कारण लेखकांनीच नोंदविले आहे. पुस्तके इंग्रजीत होती, आणि इंग्रजी ही तेथील बहुतेक मुलांची तिसरी भाषा. घरची भाषा आधी, मग स्वाहिली, मग इंग्रजी. अनेकांना ती पुस्तके वाचताच येत नव्हती.

‘पाठ्यपुस्तकांचा उपयोग होत नाही’ आणि ‘न समजणाऱ्या भाषेतील पाठ्यपुस्तकांचा उपयोग होत नाही’ ही दोन विधाने एकाच आकडेवारीशी सुसंगत आहेत. पहिल्यातून पुस्तकांवरील खर्चात काटछाट करण्याचे धोरण निघते, तर दुसऱ्यातून भाषा बदलण्याचे. घरच्या भाषेतील वा स्वाहिलीतील पुस्तके मिळालेल्या शाळांचा तिसरा गट या प्रयोगात नव्हता. त्यामुळे या दोहोंत निवाडा देणे चिठ्ठ्यांच्या आवाक्याबाहेरचे होते. तो निवाडा भाषिक परिस्थितीच्या वर्णनानेच सुचविला. लेखकांनी ते वर्णन दिले हे त्यांच्या प्रामाणिकपणाचे लक्षण होय. पण निष्कर्षांच्या कोष्टकात शिरताना वर्णन गळते आणि ‘पाठ्यपुस्तके : परिणाम शून्य’ एवढेच उरते.

एकच नाव किती भिन्न वस्तूंना लागू शकते, हे बालसखीच्या उत्तरकाळात दिसते. इयत्तेऐवजी मुलाच्या प्रत्यक्ष पातळीनुसार शिकवावे, हे त्या योजनेचे सार पुढे एका घोषवाक्यात बांधले गेले आणि ते घेऊन प्रयोग शासकीय शाळांत शिरला. २०१७ साली बॅनर्जी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या सर्व प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतला. बिहारमध्ये शासकीय शिक्षकांनीच उन्हाळी सुटीत घेतलेल्या वर्गांनी वाचन सुधारले. मात्र शाळेच्या वर्षात त्याच व्यवस्थेतील शिक्षकांना प्रशिक्षण व साहित्य देऊनही परिणाम दिसला नाही. उत्तराखंडात स्वयंसेवक दिले तरी ते शाळेच्या नित्याच्या कामात सामावले गेले आणि उपाय फसला. हरियाणात २०१२-१३ साली वेळापत्रकात स्वतंत्र तास राखला, मुलांची इयत्ता मोडून गट पाडले, पर्यवेक्षकांनी लक्ष ठेवले. तेव्हा भाषेत ०.१५ प्रमाण विचलनाची वाढ झाली. अर्थात ‘पातळीनुसार शिकविणे’ हे नाव सर्वत्र एकच असले, तरी बिहारच्या शालेय वर्षात त्या नावाखाली अभ्यासक्रम पुरा करण्याचे जुनेच काम चालू होते. ज्या क्रियेला नाव दिले ती क्रियाच तेथे घडली नाही.

परिणाम ज्या मापाने मोजतात त्याचीही छाननी आवश्यक आहे. ‘असर’ पाहणीच्या धर्तीवरील वाचनकसोटीत अक्षर, शब्द, परिच्छेद आणि गोष्ट अशी चढण असते. घराघरांत पटकन घेता येणारी ही कसोटी उपयुक्त आहे. तिच्यामुळेच शाळेत जाणारी असंख्य मुले वाचू शकत नाहीत हे सत्य २००५ पासून वारंवार देशासमोर आले. परंतु देवनागरीत अक्षर व उच्चार यांचा संबंध बराचसा नियमित असल्यामुळे, अर्थ न कळताही मजकूर मोठ्याने वाचणे शक्य असते. मेळघाटातील कोरकूभाषक मूल मराठी परिच्छेद बिनचूक उच्चारील आणि तरी त्यातील निवेदन त्याला उमगलेले नसेल. कोरकू ही मराठीहून सर्वस्वी भिन्न, मुंडा कुळातील भाषा आहे. अशा मुलाची नोंद ‘वाचता येते’ या रकान्यात झाली, तर सरासरी वाढेल. मात्र गरिबीतून वर येण्यासाठी जे वाचन लागते, म्हणजे अर्ज, सूचना, करार यांचा आशय कळणे, ते त्याला लाभलेले नसेल. उच्चार आणि आकलन यांची स्वतंत्र नोंद ही मागणी म्हणूनच शास्त्रीय तितकीच सामाजिक आहे.

अँगस डीटन आणि नॅन्सी कार्टराइट यांनी २०१८ साली असे प्रतिपादन केले की, एका ठिकाणचा निष्कर्ष दुसरीकडे लागू पडावयाचा तर उपायाला साहाय्यभूत होणारे इतर घटकही तेथे असावे लागतात. हा आक्षेप ग्राह्य आहे. परंतु त्याचा आधार घेऊन प्रयोगच निरर्थक ठरविणाऱ्यांशी सहमत होता येत नाही. तुलनागट नसता तर बिहारमधील प्रशिक्षण कागदोपत्री यशस्वीच ठरले असते. किती शिक्षक प्रशिक्षित झाले याचा अहवाल निघाला असता आणि मुले वाचू लागली काय हे कोणी विचारले नसते. अपयश उघडे पाडण्याची ही शक्ती गरिबांच्या पक्षाची आहे, ती गमावणे परवडणारे नाही.

म्हणून उपाय प्रयोग टाकण्यात नाही, त्याला वर्णनाची जोड देण्यात आहे. प्रत्येक प्रयोगासोबत त्या परिसरातील भाषांची नोंद असावी. उपायाच्या नावाखाली वर्गात प्रत्यक्ष काय घडले याचे निरीक्षण असावे. आणि कसोटीची भाषा व तिचे निकष निष्कर्षाइतक्याच ठळकपणे छापावेत. आपल्या विभागांतून बोलींची सर्वेक्षणे होतात, ती बहुधा ध्वनी व रूपे यांपाशी थांबतात. शाळेतील मूल कोणत्या भाषेत ऐकते, कोणत्या भाषेत उत्तर देते आणि कोणत्या भाषेत गप्प बसते, याचे वर्णन त्यांत आले तर ते धोरणकर्त्याला उपयोगी पडेल. ज्या शाळेची चिठ्ठी निघाली नाही तेथील मुलांनीही या ज्ञानासाठी काही वर्षे वाट पाहिलेली असते. त्यांच्यापर्यंत पुढे केवळ उपायाचे नाव पोहोचले आणि उपाय पोहोचलाच नाही, तर त्यांची ती वर्षे फुकट गेली असेच म्हणावे लागेल.