वाळू तीच, ऊन तेच

फोटो म्हणजे यंत्राची करामत. उजेड निसर्गाचा, काच कारखान्याची, त्यात माणसाचे कर्तृत्व ते काय, असा सवाल अजूनही कानावर येतो. आता तर प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा असल्यामुळे तो अधिकच ऐटीत विचारला जातो. माझ्या मते त्याचे उत्तर वाळूच्या टेकड्यांच्या फोटोंत आहे.

कारण वाळूच्या टेकडीइतका दरिद्री विषय दुसरा नाही. झाड नाही, घर नाही, माणूस नाही. वाऱ्याच्या बाजूला लांब, सौम्य उतार. आडोशाच्या बाजूला ३० ते ३४ अंशांची उभी घसरण. अंगावर वाऱ्याने उठवलेल्या वळ्या. एवढाच संसार! भर दुपारी सावल्या नाहीशा झाल्या, की सारी टेकडी परातीतल्या चाळलेल्या पिठासारखी निराकार दिसते. सकाळ-संध्याकाळचे तिरपे ऊन पडले, की तीच प्रत्येक वळी आपली सावली घेऊन उभी राहते. आकार वाऱ्याने दिला, दाखवला उन्हाने; मग छायाचित्रकाराने काय केले?

एडवर्ड वेस्टन आणि अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स या दोन अमेरिकनांची चित्रे शेजारी ठेवून पाहावीत. दोघे मित्र. १९३२ साली कॅलिफोर्नियात निघालेल्या ‘एफ/६४’ या मंडळाचे दोघेही संस्थापक. चित्र स्वच्छ, रेखीव हवे, मुद्दाम आणलेला धूसरपणा नको, हा मंडळाचा बाणा. म्हणजे गुरुमंत्र एकच.

वेस्टनने १९३६ साली ओशिआनोच्या टेकड्या टिपल्या. हे वाळवंट नव्हे, पॅसिफिकचा किनारा आहे. पण वाळूचा धर्म तोच. त्याची निगेटिव्ह ८ इंच बाय १० इंचांची आणि प्रिंटही तेवढेच. मागाहून चित्र मोठे करणे नाही, त्यामुळे चौकट जागेवरच पक्की करायची. काही चित्रांत आभाळ जवळजवळ नाहीच. बारीक वळ्या आणि मधूनच शाई सांडल्यासारखी सावली. टेकडी हातभर आहे की डोंगराएवढी, हे कळेनासे होते, आणि तरीही वाळू वाळूच राहते.

अ‍ॅडम्सने १९४८ च्या सुमारास डेथ व्हॅलीच्या वाळवंटातला सूर्योदय टिपला. तिथे तो मोटारीच्या टपावर झोपे आणि उजाडण्यापूर्वी सामान घेऊन टेकड्यांकडे चालू लागे. चित्रात टेकडीची सुरीसारखी धार आहे. एका अंगाला ऊन, दुसऱ्या अंगाला गडद काळोख. सूर्य वर सरकला, की ही धार बोथट होणार. काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या छटा पायऱ्यांनी मोजण्याची पद्धत अ‍ॅडम्सने फ्रेड आर्चरच्या साथीने बसवली होती. अशा माणसाच्या चित्रातला काळोख अपघाताने आलेला नसतो.

पहिल्या नजरेत अ‍ॅडम्स जिंकतो. पडदा वर जाताच टाळ्या पडाव्यात, तसे ते चित्र आहे. पण त्यात निकाल आधीच लागलेला असतो: इकडे प्रकाश, तिकडे अंधार. मी कादंबऱ्या लिहितो, म्हणून मला याची थोडी धास्ती वाटते. सज्जन आणि दुर्जन पहिल्याच पानावर वेगळे काढले, तर वाचक खूष होतो, पण पुस्तक पुन्हा उघडत नाही. वेस्टन मात्र निकाल देत नाही, पाहणाऱ्याला कामाला लावतो. म्हणून मी त्याच्याकडे पुन्हा पुन्हा जातो. शिवाय अ‍ॅडम्सची ती धार आता कॅलेंडरांवर इतकी वापरली गेली आहे, की त्याने केलेली निवड इतरांची नुसती सवय होऊन बसली आहे. हा दोष अर्थात त्याचा नव्हे.

वाचकहो, पटत नसेल तर सुट्टीत एक प्रयोग करा. खिडकीशी तांदळाची रास घाला आणि घरातल्या दोन मुलांना तिचे सकाळी, दुपारी, संध्याकाळी फोटो काढू द्या. रास एक, खिडकी एक. तरी कोणते फोटो ताईचे आणि कोणते बाळूचे, हे आजी न सांगता ओळखील.