किलिमांजारो : ओझे कोणाचे?

हेमिंग्वे यांच्या ‘द स्नोज ऑफ किलिमांजारो’ (१९३६) या कथेत पर्वत मरणोन्मुख लेखकाच्या अंतर्मनाचे प्रतीक होतो. आफ्रिकी माणसे मात्र केवळ नोकर म्हणून वावरतात. टांझानियातील धर्मादाय पदभ्रमणाची आजची प्रवासवर्णने बहुधा हीच दृष्टी चालवितात, असे आम्हांस वाटते. ५,८९५ मीटरवर लेखकाला आत्मसाक्षात्कार होतो, दूरच्या रुग्णांसाठी निधीही जमतो. परंतु त्याचा तंबू नि शिधा वाहणारा हमाल अनामिकच राहतो. १८८९ सालच्या पहिल्या यशस्वी आरोहणाची कीर्तीही मायर व पुर्टशेलर यांनाच लाभली. चाग्गा सोबती मागे राहिले. दानाचा हेतू आम्ही नाकारीत नाही. मात्र ज्या वर्णनात हमालाचे नाव व त्याची मजुरी येत नाही, त्यात परोपकाराची कथा अर्धीच सांगितली जाते.