रात्रीचे व्यक्तिचित्र : ‘काढणे’ आणि ‘काढून घेणे’

छायाचित्राविषयी मराठीत दोन प्रयोग रूढ आहेत. छायाचित्रकार चित्र ‘काढतो’. समोर उभा राहणारा ते ‘काढून घेतो’. दुसऱ्या प्रयोगात समोरच्या व्यक्तीच्या इच्छेला कर्तृपद लाभते. शहरात रात्री उघड्यावर घेतलेल्या व्यक्तिचित्रांच्या परीक्षणात हा भेद विशेष उपयोगी ठरतो. रात्री प्रकाश मुळातच अपुरा. म्हणून तो कोणी व कसा पुरविला, यावर चित्रातील चेहऱ्याचे स्वातंत्र्य पुष्कळसे अवलंबून राहते.

या दृष्टीने ब्रासाई आणि वीजी यांची तुलना उद्बोधक आहे. दोघेही १८९९ मध्ये ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात जन्मले. पुढे पहिल्याने पॅरिसची रात्र चित्रित केली, तर दुसऱ्याने न्यूयॉर्कची. ब्रासाईचा ‘पारी द न्वी’ हा संग्रह १९३२ च्या अखेरीस प्रसिद्ध झाला. वीजीचा ‘नेकेड सिटी’ १९४५ मध्ये.

ब्रासाईने माणसांना नकळत टिपले, अशी त्याची स्तुती केली जाते. ती त्याच्या साधनांशी जुळत नाही. त्याचा कॅमेरा काचपट्ट्यांचा व तिकाटण्यावर उभा केलेला असे. निर्जन रस्ता चित्रित करावयाचा तर भिंग दीर्घकाळ उघडे ठेवून भागे. माणसांसाठी मात्र तो मॅग्नेशियमची भुकटी पेटवीत असे. या तयारीला वेळ लागे, आणि स्फोटाबरोबर धूरही उठे. अशा सरंजामापुढे कोणी गाफील राहणे शक्य नव्हते. प्लास दितालीजवळच्या ‘ग्राँ आल्बेर’च्या टोळीतील तरुण त्याच्या चित्रांत दिसतात, ते उभे राहण्यास तयार झाले म्हणूनच. त्यांनी आपले चित्र काढून घेतले आहे.

वीजीची पद्धत याच्या नेमकी उलट. हातातील स्पीड ग्राफिक कॅमेरा, त्यावरील झगमगता बल्ब, सुमारे १० फुटांवर ठरवून ठेवलेले अंतर, एफ/१६ चे बारीक छिद्र आणि सेकंदाचा २०० वा भाग, हे त्याचे ठरलेले गणित. प्रकाश अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात क्षीण होतो. १० फुटांवरील चेहऱ्यास जितका प्रकाश मिळतो, त्याचा चौथा हिस्साच २० फुटांवर पोहोचतो, व ४० फुटांवर सोळावा. रस्त्यावरील दिव्यांचा मंद उजेड इतक्या लहान छिद्रातून व इतक्या अल्प काळात जवळजवळ उमटतच नाही. म्हणून वीजीच्या चित्रांतील काळोख हा बव्हंशी शहराच्या रात्रीचा काळोख नव्हे. तो बल्बने निर्माण केलेला आहे. चेहरा आपल्या परिसरातून तोडला जातो, आणि समोरच्याला भान येण्यापूर्वीच चित्र पुरे झालेले असते.

त्याच्या ‘द क्रिटिक’ या १९४३ च्या प्रसिद्ध चित्रात वरील दोन्ही प्रयोग शेजारी शेजारी आढळतात. मेट्रोपॉलिटन ऑपेराच्या दाराशी हिऱ्यांनी मढलेल्या दोन स्त्रिया कॅमेऱ्याकडे पाहून हसत आहेत. त्या चित्र काढून घेत आहेत. कडेला उभी असलेली तिसरी, विस्कटलेल्या वेषातील स्त्री त्यांच्याकडे रोखून पाहते. तिचे चित्र काढले गेले आहे. तिला दारू पाजून मुद्दाम तेथे आणले होते, असे वीजीच्या सहकाऱ्याने पुढे सांगितले. तेव्हा ज्या विरोधामुळे हे चित्र गाजले, तो तिच्या अजाणतेपणावर उभा आहे.

यावर असा आक्षेप संभवतो की, संमती म्हणजे सत्य नव्हे. तो रास्त आहे. टोळीतील तरुण ब्रासाईपुढे टोळीवाल्याची भूमिकाच वठवीत असतील. अनभिज्ञ चेहऱ्यात अधिक सत्य असणे अशक्य नाही. परंतु त्या भूमिकेची निवड त्यांची होती. वीजीच्या चित्रातील तिसऱ्या स्त्रीला ती संधी मिळाली नाही. चित्राची कलात्मक सरसता मान्य करूनही, तिची किंमत कोणी चुकविली हा प्रश्न समीक्षेने टाळू नये.

आज तो अधिक निकडीचा झाला आहे. अतिसंवेदनशील अंकीय कॅमेऱ्यांना दुकानाच्या फलकाचा उजेडही पुरतो. भुकटीचा धूर किंवा बल्बचा लखलखाट यांतून समोरच्याला निदान घडले ते कळत तरी असे. आता तीही सूचना उरलेली नाही. ‘काढून घेणे’ याचा मराठीत ‘हिरावून नेणे’ असाही अर्थ होतो. रात्रीच्या प्रत्येक व्यक्तिचित्रासंबंधी यांपैकी कोणता अर्थ लागू पडतो, हे तपासल्यावाचून त्याचे मूल्यमापन पूर्ण होणार नाही.