कपिलधारची पहिली वेलांटी

ओपन सोर्सबद्दल मराठीत लिहिताना 'फुकट' आणि 'मुक्त' यांतला फरक सांगण्यातच निम्मा लेख खर्ची पडतो. नादिया एग्बाल यांचं 'वर्किंग इन पब्लिक' (स्ट्राइप प्रेस, २०२०) त्याच्या पुढचा प्रश्न विचारतं : मुक्त झालेलं सॉफ्टवेअर रोज सांभाळतं कोण?

हा प्रश्न मराठी वाचकाचा का आहे, हे पाहायला 'कपिलधार' हा एक शब्द पुरे. बीड जिल्ह्यातलं, मांजरसुंब्याजवळचं, मन्मथस्वामींच्या समाधीचं हे ठिकाण. युनिकोडमध्ये हा शब्द साठवताना आधी 'प' येतो, मग पहिली वेलांटी. पडद्यावर मात्र वेलांटी 'प'च्या आधी उभी राहते. ही अदलाबदल, रफार, जोडाक्षरं हे सगळं जुळवून देतं हार्फबझ नावाचं एक मुक्त सॉफ्टवेअर. फायरफॉक्स, क्रोम, लिबरऑफिस, अँड्रॉइड हे सगळे त्याच्यावर विसंबून आहेत. त्यामागचं बरंचसं काम बेहदाद इस्फहबोद या मुख्यत्वे एका माणसाचं, आणि त्याच्याबरोबरच्या मोजक्या लोकांचं.

एग्बाल अशा प्रकल्पांना 'स्टेडियम' म्हणतात : प्रेक्षक अफाट, मैदानात एकदोघंच. फेडरेशन, क्लब, टॉय आणि स्टेडियम ही त्यांची चौकट पुस्तकातली सर्वांत उपयोगी गोष्ट आहे, कारण ओपन सोर्स म्हणजे हजारो हातांचं सहकार्य, हा लाडका समज ती मोडते. कोडची प्रत काढायला काही खर्च येत नाही, पण ते जिवंत ठेवायला माणसाचं लक्ष लागतं, आणि लक्ष मोजकंच असतं. मोठ्या पंगतीत मदतीला म्हणून पाच मिनिटं डोकावणारे पन्नास जण आचाऱ्याची अडचणच करतात. लेखिकेचं हे निरीक्षण मला पूर्ण पटतं.

अडतं ते पुढे. एग्बाल यांचा मेंटेनर यूट्यूबवरच्या कलावंतासारखा आहे : एकटा, चाहत्यांनी वेढलेला, आपलं लक्ष जपणारा. तो थकतो, दूर होतो, हे पुस्तकात येतं. त्याच्यानंतर कोण, आणि तो 'कोण' तयार कसा होतो, याला मात्र पुरेशी जागा मिळत नाही. परवाना कोणालाही प्रत घेऊन पुढे जायचा हक्क देतो, हे खरं. पण हक्क म्हणजे कुवत नव्हे. मोडीतली असंख्य कागदपत्रं दफ्तरखान्यांत शाबूत आहेत. अडचण वाचणाऱ्यांची आहे. कोडचंही तसंच होतं. फाइल उरते, ती अशी का लिहिली हे जाणणारा उरत नाही.

इथे कपिलधारकडे पुन्हा पाहावंसं वाटतं. मन्मथस्वामींचं 'परमरहस्य' आजही वाचलं जातं ते पोथी जपून ठेवली म्हणून नव्हे, तर पारायणं होत राहिली म्हणून. ऐकता ऐकता वाचणारा तयार होतो. कार्तिकी पौर्णिमेला मराठवाड्यातून आणि कर्नाटकातून पायी येणाऱ्या दिंड्या हेच करतात. चालणाऱ्यांतूनच पुढची दिंडी नेणारे घडतात.

पण परंपरेचं हे चित्र ओपन सोर्सवर जसंच्या तसं चिकटवणं धोक्याचं आहे. पुस्तकानंतर चार वर्षांनी, मार्च २०२४मध्ये उघडकीला आलेलं 'एक्सझेड'चं प्रकरण ते दाखवतं. लासे कॉलिन हा विनामोबदला काम करणारा मेंटेनर थकला होता. 'जिया टॅन' या नावाने कोणीतरी दोन वर्षांहून अधिक काळ निमूटपणे काम केलं, विश्वास कमावला, प्रकल्पाच्या किल्ल्या मिळवल्या आणि ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा घातला. आंद्रेस फ्रॉइंड यांना लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतो हे खटकलं, म्हणून तो सापडला. चिकाटी, सेवा, नम्रता : उत्तम शिष्याची सगळी लक्षणं त्या चोराकडे होती. एकट्या गुरूला ती पारखता आली नाहीत. दोष त्या गुरूचा नाही. शेजारी बसून तपासणारं दुसरं कोणी तिथे नव्हतं.

म्हणून मला वाटतं, एग्बाल यांच्या 'लक्षा'ला एक जोड हवी : लक्ष ठेवणाऱ्यावर लक्ष ठेवणारी चारदोन माणसं, पगारावर, उत्साह ओसरल्यावरही टिकणारी. आपल्याकडे फॉन्टचं, संकेतस्थळाचं, शब्दकोशाचं लोकार्पण होतं. देखभालीसाठी मात्र कोणी फीत कापत नाही. मराठीच्या नावाने चालणाऱ्या संस्थांनी आणि विद्यापीठांनी नव्या ॲपऐवजी एखाद्या विद्यार्थ्याला तीन वर्षं हार्फबझचं देवनागरीचं काम शिकायला बसवलं, तर खर्च फार येणार नाही, आणि समारंभही होणार नाही.

'वर्किंग इन पब्लिक' हा उपाय सांगत नाही, पण त्याच्यापर्यंत जाणारा रस्ता मोकळा करतं. मराठीत हे पुस्तक प्रोग्रामरांच्या आधी भाषेची काळजी करणाऱ्यांनी वाचायला हवं. वेलांटी आज जागेवर उभी आहे, ती उद्याही तशीच राहील याची हमी कोणी घेतलेली नाही.