पाकिटाचे माप आणि विडीचा धूर : फुफ्फुसाच्या कर्करोगाच्या पूर्वतपासणीची चिकित्सा

दीर्घकाळ धूम्रपान करणाऱ्यांचे अल्पमात्रा सी.टी. स्कॅन दरवर्षी केल्यास फुफ्फुसाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू एक्स-रेच्या तुलनेत २० टक्क्यांनी घटतात, हे अमेरिकेतील ५३,४५४ व्यक्तींच्या अभ्यासाने २०११ मध्ये दाखवून दिले. युरोपातील नेल्सन अभ्यासाने २०२० मध्ये त्यास पुष्टी दिली. या निष्कर्षांविषयी शंका नाही. प्रस्तुत टिपणाचा आक्षेप आहे तो त्यांचे निकष आपल्याकडे जसेच्या तसे उचलण्यावर.

त्यांपैकी मुख्य निकष 'पाकीट-वर्षा'चा. रोज वीस सिगारेटींचे एक पाकीट वर्षभर ओढले की एक पाकीट-वर्ष भरते. अमेरिकेत २०२१ पासून ५० ते ८० वयोगटासाठी २० पाकीट-वर्षांची अट आहे. परंतु २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणानुसार भारतात विडी ओढणारे प्रौढ ७.७ टक्के, तर सिगारेट ओढणारे ४ टक्के. विडीत तंबाखू कमी असते. मात्र ती सारखी विझते, म्हणून झुरके वारंवार घ्यावे लागतात. तंबाखूच्या वजनाने हिशेब केला, तर चाळीस वर्षे विडी ओढलेला शेतमजूरही अटीबाहेर राहू शकतो. (जन्मभर चुलीचा धूर सोसलेल्या स्त्रीला तर या मापात जागाच नाही.)

दुसरा प्रश्न क्षयाचा. विश्रामबागेशेजारच्या वानलेसवाडीची ओळखच मुळी क्षयरुग्णालयाची. अमेरिकन अभ्यासात संशयास्पद ठरलेल्या स्कॅनपैकी ९६.४ टक्के अखेर कर्करोगाचे नव्हते. जेथे क्षयाचे जुने व्रण छातीत घेऊन माणसे वावरतात, तेथे अशा संशयांची संख्या वाढणारच. प्रत्येक संशयामागे पुन्हा स्कॅन, क्वचित सुईने तुकडा काढणे, बुडालेली मजुरी आणि घरभर भीती. याची उलट बाजू अधिक दारुण आहे. एक्स-रेवरील सावली क्षयाची समजून महिनोन्महिने क्षयाचीच औषधे दिली जातात आणि कर्करोग हाताबाहेर जातो.

एक्स-रे शिबिरे हा त्यावर उपाय नव्हे. वार्षिक एक्स-रेने मृत्यू घटत नाहीत, हेही २०११ मध्येच अमेरिकेतील दुसऱ्या मोठ्या चाचणीत स्पष्ट झाले. केंद्र शासनाच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांत तोंड, स्तन व गर्भाशयमुख एवढ्याच कर्करोगांची तपासणी आहे. फुफ्फुस वगळण्यात प्रस्तुत लेखकास विवेक दिसतो. मुंबईच्या वस्त्यांत प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी केलेल्या साध्या तपासणीने गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. स्कॅन वाचण्यास मात्र तज्ज्ञच हवा. तोवर रुग्णाच्या केसपेपरवर रोजच्या विड्या आणि ओढण्याची वर्षे नोंदवणे, आणि क्षयाच्या औषधांनी सावली न हटल्यास विनाविलंब सी.टी. करणे, एवढे तालुक्याच्या दवाखान्यातूनही सुरू करता येईल.