कात्री कुठे अडते? ‘द किलिंग जोक’ आणि चाहत्यांचं संकलन

चित्रपटानं निराशा केली की आपण काय करतो? दोन दिवस चरफडतो आणि सोडून देतो. काही चाहते मात्र कात्री घेऊन बसतात. ‘स्टार वॉर्स’मालिकेतल्या ‘द फँटम मेनेस’ची (१९९९) काटछाट करून एका चाहत्यानं ‘द फँटम एडिट’ तयार केलं, तेव्हापासून हा उद्योग चांगलाच गाजू लागला.

आज आपण ‘बॅटमॅन: द किलिंग जोक’ (२०१६) हा ॲनिमेशनपट घेऊ. मूळ चित्रकथा १९८८ची. लेखन ॲलन मूर, चित्रं ब्रायन बोलंड. जोकर दारात येतो, बार्बरा गॉर्डनवर गोळी झाडतो, तिचे फोटो काढतो आणि ते दाखवून तिच्या बापाला वेडं करू बघतो. पुस्तक लहान, चित्रपट सव्वा तासाचा. म्हणून सुरुवातीला जवळपास अर्ध्या तासाचं नवं प्रकरण जोडलं. त्यात बार्बरा बॅटगर्ल आहे, एका गुंडाचा माग काढते आहे. आणि गच्चीवर तिचा नि बॅटमॅनचा शरीरसंबंध येतो. प्रेक्षक खवळले ते इथेच.

चाहत्यांचा उपाय सरळ आहे: पहिला अर्धा तास उडवा. आम्हीही तो भाग वगळून चित्रपट पाहिला. खरं सांगायचं तर, फरक पडतो. गोष्ट घट्ट होते. केव्हिन कॉनरॉय आणि मार्क हॅमिल यांचे आवाज समोरासमोर उभे राहतात, मध्ये काही येत नाही.

पण मग बार्बराचं काय होतं, बघा. ती दार उघडते, गोळी खाते, इस्पितळात दिसते, संपलं. तिचं दुःख दोन पुरुषांच्या झगड्याला लागणारं सरपण ठरतं. आणि श्रेयनामावलीत एक छोटा प्रसंग आहे: चाकांच्या खुर्चीतली बार्बरा आपल्या गुप्त खोलीत शिरते, पुन्हा कामाला लागते. पूर्वी ती काय काम करत होती, हेच आपण कापून टाकलेलं! त्यामुळे चित्रपटातला तिचा एकमेव विजय अधांतरी लटकतो.

बरं, फक्त गच्ची कापली तर? तेही जमत नाही. नंतरचा फोन, तिचा संताप, तिनं मुखवटा उतरवणं, सगळं त्याच प्रसंगाला टाचलेलं आहे. एक धागा ओढला की शिवण उसवते. त्यात संवाद आणि पार्श्वसंगीत एकत्र मिसळलेलं असलं, की मध्येच कापल्यावर संगीत उडी मारतं, ते वेगळंच.

आमचं म्हणणं असं: चाहत्यांचं संकलन ही दुरुस्ती कमी आणि समीक्षा जास्त असते. समीक्षक म्हणतो, ‘हे फसलंय’. संकलक ते काढून दाखवतो आणि मग उरलेल्याचीही परीक्षा होते. इथे परीक्षेतून निघालं काय? जोडलेला भाग वाईट होता, हे खरंच. पण तो ज्या भोकावर ठिगळ म्हणून लावला, ते भोक मूळ कथेतच होतं. बार्बराला तिची स्वतःची गोष्ट तिथे कधी मिळालीच नव्हती.

कात्री नको ते काढू शकते. जे कुणी लिहिलंच नाही, ते ती कुठून आणणार? पुढच्या वेळी एखादी ‘सुधारलेली’ आवृत्ती पाहाल, तेव्हा काय गेलं एवढंच मोजू नका. कोण गेलं, तेही विचारा.